पंधरा डिसेंबरच्या आधी

ठाणे,
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

चि. भाचीबाईस,


भाऊबीजेला तू फराळाच्या ताटावरच विचारलंस, "मामा, अर्ज आत्ताच पाठवून टाकू, डिसेंबरात पाठवू, की पुढच्या वर्षी?" ताई चकल्या वाढत होती, भावोजी कर्जाच्या व्याजदरात शिरले होते, तुझा भाऊ फडके रोडवरचे फोटो दाखवत होता. त्या गोंगाटात काहीतरी ठोकून देण्यापेक्षा गप्प बसलो. म्हणून हे पत्र. तुम्हाला व्हॉट्सअॅपवर चार ओळींपुढचं काही वाचवत नाही हे ठाऊक आहे, तरी हे पूर्ण वाच.

कन्सल्टन्सीवाले सांगतात की लवकर अर्ज केला तर लवकर प्रवेश. अर्धं खरं आहे. ब्रिटनमधले एक वर्षाचे बरेचसे एम.एस्सी. आणि अमेरिकेतलेही काही कोर्स अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा येतील तशा भरतात. तिथे सप्टेंबरातला अर्ज आणि मार्चमधला अर्ज यांत फरक पडतोच. पण तुझ्या यादीतली बहुतेक विद्यापीठं ठरलेल्या तारखेची आहेत, 1 डिसेंबर, 15 डिसेंबर, एखादं जानेवारीतलं. तिथे प्राध्यापकांची समिती तारीख उलटल्यावर बसते, आणि सप्टेंबरात आलेला अर्ज नि शेवटच्या दिवशीचा अर्ज एकाच गठ्ठ्यात असतो. डोंबिवलीच्या फलाटावर तासभर आधी जाऊन उभं राहिलं म्हणून फास्ट लोकलमध्ये बसायला मिळतं का? गाडी कल्याणहूनच भरून येते. त्यामुळे नुसतं 'पहिली' लागण्यासाठी कच्चा एसओपी (अर्जासोबतचं हेतुपत्र) पाठवू नकोस. एकदा सबमिटचं बटण दाबलं की त्यात काना-मात्राही बदलता येत नाही.

एक मात्र तपास. काही विभाग दोन तारखा देतात, एक साधी आणि एक 'प्रायॉरिटी'. असिस्टंटशिप, फीमाफी असला पैशाचा विचार पहिल्या तारखेपर्यंत आलेल्यांचाच होतो. तुमच्यासारख्या मदतीची गरज असलेल्यांनी दुसरी तारीख नाहीच असं समजावं.

मग आधी पाठवायचं कारण काय? कारण अर्जातल्या निम्म्या गोष्टी तुझ्या हातात नाहीत. मी नोकरीभर मुलांना शिफारसपत्रं लिहून दिली, तेव्हा टेबलाच्या या बाजूचं सांगतो. दर वर्षी 10-12 डिसेंबरच्या सुमारास फोन सुरू व्हायचे, "सर, फक्त एक एलओआर, परवाची डेडलाइन आहे." तेव्हाच परीक्षा, पेपर तपासणी, प्रॅक्टिकल्स. असल्या वेळी लिहिलेलं पत्र कसं असणार? विद्यार्थी कष्टाळू आहे, नम्र आहे, वक्तशीर आहे. (वक्तशीर! दोन दिवस आधी फोन करणारा.) असली पत्रं तिकडे ढिगानं जातात आणि कुणी वाचत नाही. जो पोरगा दिवाळीआधी येऊन बसायचा, आपलं काम दाखवायचा, त्याच्याबद्दल मला दोन खऱ्या गोष्टी लिहिता यायच्या, 'याचा प्रयोग तीनदा फसला आणि चौथ्यांदा त्यानं कारण शोधलं' अशा. त्यात एक तांत्रिक मेख आहे. काही पोर्टल नाव भरताच शिफारस देणाऱ्याला लिंक पाठवतात, काही मात्र तू अर्ज सबमिट केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात तू 14 तारखेला बटण दाबलंस तर तुझ्या प्रोजेक्टच्या मॅडमना एक रात्र मिळते.

आणि ती रात्रही कुणाची? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची 15 डिसेंबरची रात्र 11:59 म्हणजे आपल्याकडे 16 तारखेची सकाळ, 10 वाजून 29 मिनिटं. पोरं खूश होतात, चला, एक रात्र जादा मिळाली! नेमकी तेव्हाच महावितरणची वीज जाते, कार्डावरून डॉलरमधली फी कटत नाही, बँकेचा ओटीपी येत नाही. शिवाय तुझी सातव्या सेमची परीक्षा त्याच महिन्यात. एकाच आठवड्यात दोन्ही सांभाळणं जमेल असं धरू नकोस.

तुझी शंका होती, सातव्या सेमचे मार्क चांगले येतील, त्यासाठी थांबू का? थांबून उपयोग नाही. तो निकाल डिसेंबरच्या तारखेत बसतच नाही, सहाव्या सेमपर्यंतच्या मार्कांवरच अर्ज वाचला जाणार. आणि मुंबई विद्यापीठाच्या निकालावर आपलं वेळापत्रक कुणी टांगू नये हे 2017 मध्ये सगळ्यांना कळलं. त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐनवेळी झाला आणि निकाल महिनोन् महिने रखडले. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही टळली. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं अंतिम मार्कशीटविना अडकली. ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पद सोडावं लागलं, पण त्यानं गेलेला प्रवेश कुणाला परत मिळाला नाही. तिसऱ्या सेमच्या केटीचं, म्हणजे राहिलेल्या विषयाचं, म्हणशील तर ती मार्कशीटवर दिसणारच. लपवू नकोस, रडूही नकोस, एका वाक्यात सांगून पुढे जा.

आता तुझ्या शेजारच्या कल्याणची गोष्ट, कारण अमेरिकेला अर्ज करणाऱ्या मराठी मुलींत तुमच्या स्टेशनशेजारचीच एक पहिली आहे. यमुना जोशी, म्हणजे पुढची आनंदीबाई, 31 मार्च 1865 रोजी कल्याणला जन्मली. तिच्यासाठी पहिली खटपट तिच्या नवऱ्यानं, गोपाळरावांनी, 1878 मध्ये कोल्हापूरहून केली, वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहून. उत्तर आलं ते धर्म बदलण्याचं. तो पत्रव्यवहार अमेरिकेत एका मिशनरी मासिकात छापला गेला, आणि 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या बसल्या तो वाचला. त्यांनी आपणहून पत्र धाडलं. पुढची तीन वर्षं पत्रं चालली. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला प्रवेशाचं पत्र लिहिलं कधी? 28 जूनला. आधी समुद्र ओलांडला, मग अर्ज! ऑक्टोबरात वर्गात बसल्या. वय अठरा.

ही गोष्ट लोक धाडसाची म्हणून सांगतात. मला त्यातला अर्ज आवडतो. प्रवेशासाठी लागणारी तयारी आपल्याकडे पुरी नाही हे त्यांनी सरळ मान्य केलं, आणि आपण का आलो ते सांगितलं, की आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचंय. स्वतःचं दहा दिवसांचं मूल गमावलेल्या मुलीनं लिहिलेलं ते कारण होतं. डीन रेचल बॉडली यांना दुसरं प्रमाणपत्र लागलं नाही. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता.

तुझा एसओपी वाचला. रागावू नकोस, पण पहिले दोन परिच्छेद कुणाचेही असू शकतात. लहानपणापासून कुतूहल, विज्ञानाची ओढ, जागतिक दर्जाची प्रयोगशाळा. तू केमिकल इंजिनिअरिंगला, तुला प्रोसेस सेफ्टी शिकायचंय, आणि तू राहतेस डोंबिवलीत! मे 2016 चा एमआयडीसीतला स्फोट तू शाळेत असताना ऐकलास. 23 मे 2024 च्या स्फोटात तुमच्या सोसायटीच्या काचा फुटल्या आणि तुम्ही रात्र मावशीकडे काढलीत. 2020 मध्ये रसायनांनी रस्ता गुलाबी झाला होता तो तू स्वतः पाहिलायस. यातलं एक अक्षर अर्जात नाही. टेक्सस ए अँड एम तुझ्या यादीत आहे ते तिथल्या प्रोसेस सेफ्टी सेंटरमुळे. ते सेंटर 1995 पासून मेरी के ओ'कॉनर यांच्या नावानं चालतं ते का, हे पाहिलंस का? टेक्ससमधल्या पासाडेना गावच्या फिलिप्सच्या कारखान्यात 23 ऑक्टोबर 1989 रोजी स्फोट झाला, 23 माणसं गेली, त्यांत ती होती. असं सेंटर चालवणाऱ्यांना रासायनिक कारखान्यांशेजारी वाढलेल्या मुलीचं म्हणणं ऐकायचं असणार, कुतूहलाचं नव्हे. हा भाग लिहून झाला की अर्ज तयार, त्याआधी नाही.

राहिला पैसा. भावोजी फ्लॅट तारण ठेवायला निघालेत, ते मला पटत नाही. एम.एस.ला पहिल्याच वर्षी असिस्टंटशिप मिळणं दुर्मीळ, हे धरून चाल. कर्ज घ्यायचंच तर तुला इथे रुपयात मिळेल त्या पगारातून हप्ता फिटेल इतकंच. डॉलरच्या पगाराच्या भरवशावर नको. या सप्टेंबरात एच-1बीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, मग महिन्याभरात खुलासा आला की तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ती नाही. मे महिन्यात विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतीच थांबवल्या होत्या, जूनमध्ये पुन्हा सुरू केल्या. ज्यांची कागदपत्रं मार्चमध्ये हातात होती त्यांचं निभावलं, उशिरा आलेल्यांची बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीच्या अपॉइंटमेंटसाठी तारांबळ उडाली. तारखेच्या आत अर्ज करायचं हेही एक कारण.

पुढच्या वर्षी करू का, याचं उत्तर तुझ्या नोकरीवर आहे. प्लेसमेंटमध्ये मिळालेली नोकरी सॉफ्टवेअरची. तिथे दोन वर्षं काढून प्रोसेस सेफ्टीच्या अर्जाला काही मिळणार नाही, उलट तुझे सर तुला विसरतील आणि टोफेलचा स्कोअर दोन वर्षांत बाद होईल (जीआरईचा पाच वर्षं चालतो). एखाद्या कारखान्यात नोकरी मिळाली असती तर मी थांब म्हणालो असतो. पैसे साठवून परत जाण्यात कमीपणा नाही. डॉ. आंबेडकरांची बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं, सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे जमवले आणि 1920 मध्ये ते परत गेले. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तर तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच.

तेव्हा माझं म्हणणं असं. अकरा विद्यापीठांची यादी पाचावर आण. पाचही अर्ज 25 नोव्हेंबरपर्यंत पाठव, म्हणजे 15 डिसेंबरच्या अर्जांना तरी शिफारस देणाऱ्यांना जवळजवळ तीन आठवडे मिळतील आणि तू परीक्षेला मोकळी. जर्मनी हवं असेल तर तिथल्या बऱ्याच अर्जांची तारीख 15 जुलै, काहींची मे अखेर, पण एपीएसचं (पदवीच्या कागदपत्रांच्या पडताळणीचं) सर्टिफिकेट आत्ताच मागवून ठेव, त्याला आठवडे लागतात. नोकरीला आज नाही म्हणू नकोस, तिचं जॉइनिंग निकालानंतरच आहे. अमेरिकेतली बहुतेक मोठी विद्यापीठं आर्थिक मदतीचा होकार 15 एप्रिलच्या आधी मागत नाहीत. तोवर सगळं समोर येईल, मग आपण चौघं बसून ठरवू. पैशाचं जमलं नाही, तर एखाद्या केमिकल कारखान्यात सेफ्टीची नोकरी शोध आणि तीन वर्षांनी पुन्हा अर्ज कर. फ्लॅट मात्र तारण ठेवायचा नाही, हे भावोजींना मी सांगतो.

उद्या सोमवार. कॉलेजात गेल्या गेल्या प्रोजेक्टच्या मॅडमना भेट, फोनवर नको, समोर बसून विचार. आणि सुधारलेला एसओपी गुरुवारपर्यंत मला पाठव.

तुझा,
मामा