जुना कॅमेरा, नवा कॅमेरा आणि जनाना

माझा कॅनन ७००डी मी २०१४ साली घेतला. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली होती, घरात फ्रिज नव्हता, आणि कॅमेऱ्याची किंमत ऐकून अम्मी तीन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती. "इत्ते पैसे का डब्बा?" एवढंच म्हणाली. नंतर त्याच डब्यानं खानदानातले सगळे निकाह, अकीके, हजला निघालेल्यांचे निरोप टिपले. अम्मीचा मात्र एकही फोटो त्यात नाही. कॅमेरा वर उचलला की ती ओढणीचा पदर पुढे घ्यायची आणि उठून जायची. मी कधी आग्रह केला नाही.

आता लेकीनं तिचा कॅमेरा आणलाय. कॅनन आर५०, मिररलेस. अर्धे पैसे तिच्या ट्यूशनचे, अर्धे माझे. २०२३ साली बाजारात आलेला, नवशिक्यांसाठीचा म्हणून ओळखला जाणारा. माझा ७००डीसुद्धा २०१३ साली नवशिक्यांसाठीचाच होता. म्हणजे दहा वर्षांच्या अंतरानं जन्मलेली एकाच घरातली दोन भावंडं. तेव्हा तुलना व्हायचीच होती. ती झाली आमच्या हट्ट्याच्या घरात, मोठ्या भावाच्या मुलीच्या निकाहाच्या निमित्तानं.

हट्टा म्हणजे वसमत तालुका, हिंगोली जिल्हा. आम्ही राहतो परभणीला, पण घर म्हटलं की हट्टाच. रमजानच्या आधी उरकायचं म्हणून निकाह फेब्रुवारीत धरला होता. हळद शिजवायचे दिवस. गावाबाहेर कुठंही पाहा, वाफा निघतायत आणि पिवळे ढीग वाळत पडलेत. आदल्या संध्याकाळी आम्ही बाप-लेक दोघं दोन कॅमेरे घेऊन शेताकडे गेलो. लग्नाआधी हात बसवून घ्यावा हे माझं म्हणणं, आणि "अब्बा, आज फैसला होऊन जाऊ द्या" हे तिचं.

आधी वजन. माझा कॅमेरा बॅटरीसकट ५८० ग्रॅम, तिचा ३७५. सोबतच्या साध्या लेन्सा धरल्या तर माझं ओझं पाऊण किलोच्या वर जातं, तिचं अर्ध्या किलोवर थांबतं. पाव किलोचा फरक तो काय, असं मी म्हटलं. चार तास गळ्यात अडकवून उभं राहिल्यावर मी तसं म्हणणार नाही.

मग तो खटका. डीएसएलआरच्या पोटात लेन्सच्या मागे एक आरसा तिरका बसवलेला असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर पाठवतो, तिथून आतल्या आरशांवर आपटत तो आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, मागचा पडदा उघडतो, सेन्सरवर फोटो उमटतो, आरसा परत खाली. खटाक. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकलाय. सेन्सर सारखा पाहतच असतो आणि त्याला जे दिसतं ते एका चिमुकल्या पडद्यावर आपल्याला दाखवतो. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यात मी माणूस पाहतो आणि तिच्या कॅमेऱ्यात ती माणसाचं चित्र पाहते. मी हे मोठ्या थाटात तिला ऐकवलं. ती म्हणाली, "पण तुम्हाला फोटो काळा येणारेय का पांढरा, ते काढल्यावर कळतं. मला आधीच दिसतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाफेत उभ्या असलेल्या गड्यांचे माझे पहिले तीन फोटो खरोखर काळे आले होते. मागचा उजेड जोरात आणि माणसं सावलीत, अशा वेळी माझा कॅमेरा नेहमीच फसतो.

फोकसचं तर विचारूच नका. माझ्याकडे नऊ ठिपके आहेत. त्यातला मधला मी वापरतो, बाकीचे आठ शोभेला. डोळ्यावर ठिपका ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, मग चौकट सरकवायची. अकरा वर्षांत बोटाला ती सवय लागली आहे. तिचा कॅमेरा मात्र चेहरा स्वतः शोधतो, चेहऱ्यातला डोळा शोधतो आणि माणूस हलला तर त्याच्या मागं मागं जातो. भावाचा नातू पळत होता, दहा फोटोंतले आठ तिचे धारदार आले. माझे दोन. त्यातल्या एकात तो पडलेला होता.

तरी संध्याकाळ अगदीच तिची नव्हती. लेन्स बदलताना मी तिला ओरडलो. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर दिसतो. माझ्याकडे निदान आरसा आणि पडदा आड असतात. हळदीच्या धुळीत असं उघडं अंग दाखवायचं नसतं. ती मुकाट्यानं गाडीत जाऊन बसली आणि काचा वर करून लेन्स बदलली. शिवाय तिची बॅटरी. माझी एकदा भरली की दिवस काढते, कारण आरशातून पाहायला वीज लागत नाही. तिला पाहायलाच वीज लागते. अंधार पडेपर्यंत तिच्या बॅटरीची खूण लाल झाली होती. दुसरी घेऊन ठेव म्हटलं होतं, घेतली नव्हती. माझी मुलगीच ती.

निकाहाच्या दिवशी ठरलं असं की बाहेर मंडपात मी, आत बायकांकडे ती. आमच्या घरात आजवर आतले फोटो नव्हतेच. मी आत जाऊ शकत नाही, आणि बाहेरचा फोटोग्राफर तर नाहीच नाही. अकरा वर्षांतल्या माझ्या हजारो फोटोंमध्ये लग्नाचा निम्मा भाग गायब आहे. नवरदेव, सेहरा, काझीसाहेब, दस्तरखानावर बगारा खाना आणि दालचा वाढणारी पोरं, सगळं आहे. फक्त ज्यांनी लग्न उभं केलं त्या बायका नाहीत.

ही अडचण काही आजची नाही. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, राजा दीनदयाळ यांचा स्टुडिओ होता. निजामाचे फोटोग्राफर म्हणून ते ओळखले जात. १८९२ साली त्यांनी तिथं खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. आवाराला उंच भिंती, आत काम करणाऱ्याही बायकाच, आणि देखरेखीला केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे, की परदानशीन बायकांना फोटो नको असतात असं दीनदयाळांनी गृहीत धरलं नाही. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न होता. अर्थात तो स्टुडिओ बड्या घराण्यांसाठी होता. हट्ट्याच्या घरात जनान्याचा फोटोग्राफर पोचायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

सकाळचं सांगतो. मंडपात माझा जुना कॅमेरा जोरात होता. माझा जुना फ्लॅश त्याच्यावर बसतो, तिच्यावर बसत नाही. आर५०च्या डोक्यावरची खाच नव्या तऱ्हेची आहे, जुना फ्लॅश लावायला एडी-ई१ नावाचा वेगळा जोड विकत घ्यावा लागतो. नवरदेवानं सेहरा बांधला तेव्हा तर मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मध्येच येऊन तिनं बाहेरून दोन फोटो घेतले, तर तिच्या हुशार कॅमेऱ्याला फुलांच्या लडींमागचा चेहरा काही सापडेना. त्यानं शेजारच्या करवल्या पोराचा डोळा पकडला आणि तोच धरून बसला. मी मधला ठिपका दोन लडींच्या फटीत ठेवला. खटाक.

मग जेवणाच्या पंगतीत बसलो असताना माझ्या मोबाईलवर टुण टुण सुरू झालं. निकाहाच्या दिवशी शुभेच्छा येतातच, म्हणून मी पाहिलं. मेहंदीचे हात. बांगड्यांचं ताट. दोन म्हाताऱ्या खाला पान लावतायत. मला कळेना हे कोण पाठवतंय. पुढचा फोटो उघडला आणि मी मोबाईल सतरंजीवर उलटा ठेवला. माझ्या चुलतभावाची बायको होती, डोक्यावरून ओढणी सरकलेली, मान मागे टाकून हसत होती. आमच्या घरात त्या माझ्यासमोर पडद्यात असतात. त्यांच्या लग्नाला वीस वर्षं झाली, त्या हसतात कशा ते मला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. नवा कॅमेरा फोटो काढता काढता वाय-फायवरून मोबाईलला पाठवू शकतो. लेकीच्या मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून घरी सगळं लावताना आम्ही माझा मोबाईल जोडला होता. अ‍ॅप चालूच राहिलं. मंडप आणि आतली खोली यांच्यात अंतर ते किती, एका भिंतीचं. आत बटण दाबलं जात होतं आणि बाहेर पुरुषांच्या पंगतीत माझ्या मांडीजवळ फोटो पडत होते. शेजारी बसलेल्या मेहुण्याचं लक्ष ताटात होतं, अल्लाहची मेहरबानी. मी अ‍ॅप बंद केलं, आलेले सगळे फोटो पुसले आणि एका पोराला आत पाठवलं, "ताईला म्हणावं कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद कर, आत्ताच्या आत्ता."

माझ्या जुन्या डब्यात वाय-फाय नाही, हा त्याचा दोष म्हणून मी आजवर मोजत आलो होतो. कार्ड काढायचं, संगणकाला लावायचं, निवडायचं, मग द्यायचं. त्यात दोन दिवस जात. त्या दोन दिवसांत कुणी ना कुणी येऊन सांगायचं, माझा तो एक नको देऊस बाबा.

लेक बाहेर आली तेव्हा रडवेली होती. मी तिला रागावलो नाही, मोबाईल माझाच होता. पण मग तिनं स्वतःहून दुसरी गोष्ट सांगितली. तिनं कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला होता. तिला वाटलं होतं की आवाज नसला की बायका अवघडणार नाहीत. झालंही तसंच, फोटो फार सुंदर आले. फक्त निम्म्या बायकांना आपला फोटो निघाला हेच माहीत नव्हतं.

माझ्या खटक्याला मी अकरा वर्षं शिव्या घातल्यात. मशिदीत निकाहाचा खुतबा चालू असताना तो असा वाजतो की काझीसाहेब भुवया वर करतात. पण त्या खटक्यानं माणूस वळून पाहतो. नको असेल तर हात पुढे करतो. माझी अम्मी उठून जायची ती खटका होण्याच्या आधी, कॅमेरा वर जाताना दिसला की. एवढा मोठा डब्बा लपवणार कुठं? नवा कॅमेरा लहान आहे, मुका आहे, आणि त्याची चांगुलपणाची सगळी बाजू हीच आहे. म्हणून तो हातात घेणाऱ्याला तोंडानं बोलावं लागणार. मी तिला एवढंच सांगितलं की आत जा, आणि प्रत्येकीला मागचा पडदा दाखव. जी नको म्हणेल तिचा तिच्यासमोर पुस.

ती गेली. तासाभरानं कळलं की फार थोड्यांनी पुसायला लावले. दोघींनी तर पुन्हा काढायला लावले, ओढणी नीट करून. आवाजही तिनं चालू केला. त्याचा एक फायदा असाही झाला की आधी एलईडीच्या माळांखाली आवाज बंद ठेवून काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले होते, ते थांबले. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

असरच्या नमाजीनंतर निकाह झाला. वकील आणि दोन गवाह इजाजत घ्यायला आत गेले. मी बाहेर नवरदेवासमोर गुडघ्यावर बसलेलो. आत काय झालं ते रात्री पाहिलं, नवरीनं स्वतः दाखवलं तेव्हा. मेहरची रक्कम वाचून दाखवली जातेय आणि भावाची मुलगी मान खाली घालून ऐकतेय. मग तिचा मेहंदीचा हात, त्यात साधा निळा पेन, आणि निकाहनाम्यावर अर्धवट झालेली सही. खिडकीतून येणारा संध्याकाळचा उजेड, फ्लॅश नाही. माझ्या ७००डीनं त्या उजेडात दाणेदार काहीतरी दिलं असतं. आणि मुळात तो तिथं पोचलाच नसता. आमच्या खानदानात मुलीनं होकार दिल्याचा हा पहिला फोटो. भाऊ तो बघत बराच वेळ गप्प बसला होता.

विकायचा का जुना, असं लेकीनं परवा विचारलं. परभणीच्या दुकानदारानं जी किंमत सांगितली तेवढ्यात तिच्या कॅमेऱ्याची दुसरी बॅटरी आणि तो फ्लॅशचा जोड येईल, उरणार काही नाही. मी नको म्हटलं. मंडपात, रात्रीच्या वेळी, सेहऱ्यासमोर मला तोच बरा. नव्यानं कुणी शिकणार असेल आणि खिशात साठ-सत्तर हजार असतील तर मात्र मी मिररलेसच घे म्हणेन. नसतील तर जुना डीएसएलआर आणि एक ५० मिलिमीटरची लेन्स, ती एवीतेवी पुढे जोड लावून नव्यालाही चालते.

राहिली चुलतभावाच्या बायकोची गोष्ट. झालेला प्रकार मी बायकोला सांगितला आणि तिच्याकरवी माफी मागितली. भाबींचा निरोप आला, "माफी नक्को. फोटो अच्छा आया क्या, वो पूछो." याचं उत्तर मी काय देणार? हो म्हटलं तर मी नीट पाहिला असं होतं.

लेकीनं कार्डावरून प्रिंट काढून आणली. पाकिटात घातली, वर डिंक लावला, आणि पुढच्या रविवारी मीच ते पाकीट हट्ट्याला नेऊन भावाच्या हातात दिलं.