तेव्हा सॉरी आपण म्हणायचो

शक्तिमानचं काही चुकलं असेल, असं आमच्या पिढीतल्या एकाही पोराच्या मनात आलं नसेल. चुकायचो ते आम्ही. भाग संपत आला की पडद्यावर एखादं मूल यायचं. कुणी खोटं बोललेलं असायचं, कुणी रस्त्यात कचरा टाकलेला असायचा. शक्तिमान समजावून सांगायचा, ते पोर ओशाळून ‘सॉरी शक्तिमान’ म्हणायचं आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या आम्हालाही आपली कालपरवाची लबाडी आठवायची. आया तर टपूनच असायच्या. ‘बघ, शक्तिमान काय सांगतोय,’ एवढ्या एका वाक्यावर आमच्या वाड्यातल्या कितीतरी पोरांनी नखं कापली, दोडक्याची भाजी खाल्ली.

१३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. सुरुवातीला ती शनिवारी लागायची. शनिवारची शाळा सकाळची. घंटा झाली की दप्तर पाठीवर आपटत घराकडे धूम ठोकायची, कारण वाड्यात रंगीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता आणि पुढची जागा आधी पोहोचणाऱ्याची. पुढे मालिका रविवारी आली आणि रविवारची दुपारची जेवणं तिच्या वेळेला बांधली गेली. गॅदरिंगला मरून रंगाचे कपडे आणि छातीवर सोनेरी कागदाचं चक्र लावलेली चार-पाच पोरं तरी असायचीच. अंगणात एक हात वर करून गरगर गिरकी घ्यायची आणि चक्कर येऊन पडायचं, हा खेळ तर गावोगावी चालला.

त्या गोष्टीची घडणच अशी होती की नायकाला दोष असायला जागाच नव्हती. सूर्यांशी ऋषींनी त्याला निवडलेलं, साधनेने त्याची सात चक्रं जागी झालेली, पंचतत्त्वांतून त्याला नवं रूप मिळालेलं. ताकद हे तपाचं फळ. ज्याच्याकडे ती आहे तो चांगला असणारच, आणि त्याचा चांगुलपणा ढळला तर ताकदही जाणार. समोर तमराज किल्विष, म्हणजे नुसता अंधार. एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला काळोख असताना न्यायनिवाडा कशाचा करायचा? आम्ही फक्त कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवत होतो, आणि तेही आधीच ठरलेलं होतं.

हे काही एकट्या आपल्याकडचं नव्हतं. अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. चांगल्याने वाईटावर मात केलीच पाहिजे, हा तिच्यातला एक नियम. टीव्हीवरचा जॉर्ज रीव्ह्जचा सुपरमॅन त्याच काळातला, तसाच नितळ. १९६६ च्या मालिकेतला ॲडम वेस्टचा बॅटमॅन तर खलनायकाच्या मागे निघतानाही रॉबिनला गाडीत पट्टा लावायची आठवण करायचा. दूरदर्शनवर आमच्यापेक्षा थोड्या मोठ्या भावंडांनी पाहिलेला ही-मॅनसुद्धा शेवटी चार शब्द उपदेशाचे सांगूनच निरोप घ्यायचा. मुलांसाठीच्या गोष्टीतला नायक म्हणजे अर्धा शिक्षक, ही समजूत साऱ्या जगाची होती.

एकदाच त्या उजेडावर सावली पडली. शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलांनी जिवावर बेतणारे प्रकार केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. मग मुकेश खन्ना पडद्यावर येऊन सांगू लागले, हे सगळं तंत्राने केलेलं असतं, तुम्ही करू नका. आज मला ते फार महत्त्वाचं वाटतं. नायकाला पहिल्यांदा आपल्या करणीचा खुलासा द्यावा लागला, पण तो गोष्टीच्या बाहेर येऊन. गोष्टीच्या आत तो शेवटपर्यंत डागाविना राहिला.

या मुकेश खन्नांनी त्याआधी बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त भीष्म साकारला होता. आमच्या घरी आजी शक्तिमानला बराच काळ ‘भीष्म’च म्हणायची. तोच चेहरा, तोच घनगंभीर आवाज, तीच दोषातीत मूर्ती. कॉलेजात गेल्यावर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ हाती पडलं आणि त्या मूर्तीला मी पहिल्यांदा प्रश्न विचारलेला पाहिला. इरावतीबाई भीष्माचा त्याग नाकारत नाहीत. त्या फक्त हिशेब मांडतात, की या त्यागाची किंमत कुणी चुकवली? अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री. एकेका बाईचं आयुष्य त्या थोर माणसाच्या प्रतिज्ञेखाली कसं चिरडलं गेलं, हे त्या शांतपणे दाखवतात. वाचून मी हादरून गेले. नायकाचं मोठेपण मोजायचं तर त्याच्या सावलीत कोण उभं आहे ते आधी बघावं, ही दृष्टी मला त्या पुस्तकाने दिली.

आणि योगायोग असा की शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ही १९६७ सालचंच, म्हणजे ‘युगान्त’चं जुळं भावंड. त्या कादंबरीने कर्णाला मराठी माणसाच्या काळजात नेऊन बसवलं. जन्मल्या जन्मल्या टाकलेला, पावलोपावली सूतपुत्र म्हणून हिणवलेला, देणाऱ्याचा हात कधी मागे न घेतलेला कर्ण. आमच्या घरी जेवणानंतर त्याच्यावरून वाद पेटायचे. काका म्हणायचे, त्याच्यावर इतका अन्याय झाला की त्याला सगळं माफ. आजी म्हणायची, भर सभेत द्रौपदीची वस्त्रं ओढा असं सांगणारा तोच ना? मग तेवढं कसं माफ? काकांकडे याला उत्तर नसायचं आणि आजीलाही कर्णाच्या रथाचं चाक रुतल्याचं ऐकताना डोळ्यांना पदर लावावा लागायचा. ज्या शनिवारी दुपारी आम्ही निष्कलंक शक्तिमान पाहत होतो, त्याच रात्री मोठ्यांच्या पंगतीत एका सदोष नायकाचा खटला चालू असायचा. सुपरहिरोंच्या मालिकांत तो खटला यायला मात्र बराच काळ जावा लागला.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवायला घेतलं. दहावीतल्या भाच्यासोबत मी ते मोठ्या हौसेने पाहिलं. त्याने दोन भाग बघितले आणि विचारलं, ‘मावशी, याचा प्रॉब्लेम काय आहे?’ त्याला कथेतलं संकट विचारायचं नव्हतं. या माणसाला आतून काय छळतंय, हे त्याला हवं होतं. ज्याला आतून काही छळत नाही असा नायक त्याने पाहिलेलाच नव्हता.

पुढच्या वर्षी त्याच्याच आग्रहाने मी ‘वांडाव्हिजन’ ही सुपरहिरोंची मालिका पाहिली. वांडा मॅक्सिमॉफचा जोडीदार व्हिजन मारला गेला आहे. त्या दुःखाच्या भरात ती न्यू जर्सीतलं वेस्टव्ह्यू नावाचं अख्खं गाव आपल्या जादूखाली घेते आणि तिथे जुन्या विनोदी मालिकांसारखा लुटूपुटीचा संसार मांडते. नवरा, दोन मुलं, हसरे शेजारी. ते शेजारी खरी माणसं आहेत आणि आतून आक्रोश करत आहेत. शेवटच्या भागात काही क्षणांसाठी ते मोकळे होतात तेव्हा कळतं, की झोपेतही त्यांना वांडाची दुःस्वप्नं पडत होती. एक आई आपल्या लेकीला नुसतं खोलीतून बाहेर येऊ दे म्हणून गयावया करते. सोडायचं नसेल तर मारून तरी टाक, असं ते तिला सांगतात. एलिझाबेथ ओल्सनने वांडा इतकी सुंदर केली आहे की तिच्यासाठी घसा दाटून येतो. माझाही आला. पण मग वांडा गाव मोकळं करते, तिला समजून घेणाऱ्या मोनिका रॅम्बोपाशी खेद व्यक्त करते, आणि मोनिका तिलाच धीर देते की तू या लोकांसाठी काय गमावलंस ते यांना कधी कळणार नाही. तिथे मी टीव्ही थांबवला.

‘पण तिचा नवरा गेला होता ना गं,’ भाचा म्हणाला.

‘आणि त्या खोलीत कोंडलेल्या मुलीचं काय?’ मी विचारलं. तो गप्प बसला नाही, वाद घालत राहिला. मला ते आवडलं. आमच्या जेवणानंतरचा कर्णाचा खटला पुन्हा सुरू झाला होता, फक्त या वेळी आजीच्या जागी मी होते.

आजच्या मालिकांनी नायकाला दोष दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ‘द बॉइज’ २०१९ मध्ये आली तेव्हा तिच्या पहिल्याच भागाने मला उलटंपालटं केलं. ह्यूई नावाचा साधा मुलगा मैत्रिणीचे हात धरून उभा आहे, ए-ट्रेन नावाचा वेगवान सुपरहिरो तिच्या अंगावरून धावत जातो आणि ह्यूईच्या हातात तिचे तुटलेले हात उरतात. सुपरहिरोंची मालक कंपनी वॉट त्याला ४५ हजार डॉलर आणि तोंड बंद ठेवण्याचा करार देऊ करते. त्या जगात ताकद तपाने येत नाही. कंपनीने तान्ह्या बाळांना टोचलेल्या औषधाने ती येते, आणि लोकांना सांगितलं जातं की ही देवाची देणगी. शक्तिमानच्या गोष्टीत आम्ही गिळलेला ‘ताकदवान म्हणजे चांगला’ हा हिशेब इथे पहिल्या तासात फाटतो. तरीही ही मालिका मला एका हद्दीपलीकडे नेत नाही. तिच्यातला मुख्य सुपरहिरो होमलँडर इतका सडलेला आहे की त्याचा निवाडा करायला काही मोजावं लागत नाही. ज्याच्यावर आपला जीव नाही त्याला दोषी ठरवणं सोपं असतं.

जीव लावून निवाडा करायला लावणारी मालिका मला ‘डेअरडेव्हिल’ वाटते. २०१५ ची. आंधळा वकील मॅट मर्डॉक दिवसा कायद्याची बाजू मांडतो आणि रात्री मुखवटा चढवून गुंडांची हाडं मोडतो. तो कॅथलिक आहे. मालिकेच्या पहिल्याच भागात तो पाद्रीसमोर कबुली द्यायला बसतो आणि केलेल्या पापाची नव्हे, पुढे करणार असलेल्या कृत्याची क्षमा मागतो. त्या एका प्रसंगात अख्खी मालिका आहे. गुन्हेगारांचा म्होरक्या विल्सन फिस्क याला ठार मारलं तर शहर सुटेल, पण मग आपल्यात आणि त्याच्यात काय फरक, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. दुसऱ्या पर्वात गुन्हेगारांना थेट ठार मारणारा पनिशर त्याला गच्चीवर साखळदंडांनी बांधतो आणि सुनावतो, की तू ज्यांना जिवंत सोडतोस ते पुन्हा बाहेर येतात. मॅटकडे याला चोख उत्तर नाही. तरी तो आपली रेघ ओलांडायला तयार नाही.

पण मला ही मालिका मोठी वाटते ती फॉगीमुळे. फॉगी नेल्सन हा मॅटचा कॉलेजपासूनचा मित्र आणि वकिलीतला भागीदार. मुखवट्यामागचा माणूस आपलाच मित्र आहे आणि तो इतकी वर्षं आपल्याशी खोटं बोलला, हे त्याला कळतं तेव्हा मालिका जवळजवळ पूर्ण भाग त्या दोघांच्या भांडणाला देते. रक्तबंबाळ नायक सोफ्यावर पडलेला आणि दुखावलेला मित्र समोर उभा राहून एकेक जाब विचारतोय. मॅटचं बालपण दुःखाचं आहे, त्याचा बाप मारला गेला आहे, हे सगळं आपल्याला माहीत असतं आणि तरीही त्या खोलीत फॉगीचं म्हणणं खरं ठरतं. वेस्टव्ह्यूच्या लोकांना काही मिनिटं मिळाली, फॉगीला भाग मिळाला. इरावतीबाईंनी अंबेला आणि गांधारीला जी जागा दिली, ती ही आहे.

या मोजमापाने माझा निकाल ठरला आहे. मॅट मर्डॉकला माफी आहे, कारण ज्याला त्याने दुखावलं त्याच्यासमोर तो बसला आणि त्याने ऐकून घेतलं. वांडाला नाही. तिच्या दुःखावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्या दुःखात तिने जे केलं ते कोंडलेल्या मुलीच्या आईने माफ करायचं, मोनिकाने नाही. भाच्याला हे पटत नाही. पुढे २०२२ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’ चित्रपटात वांडाच खलनायिका झाली, तरी तो अजून तिच्याच बाजूने भांडतो.

आणि शक्तिमान? त्या मालिकेत गीता विश्वास नावाची धडाडीची बातमीदार होती. सत्य शोधणं हा तिचा धंदा. तिच्याच ‘आज की आवाज’ वर्तमानपत्रात, तिच्या शेजारी, गंगाधर शास्त्री हा वेंधळा छायाचित्रकार म्हणून शक्तिमान वावरत होता आणि तिला बराच काळ अंधारात ठेवत होता. तिच्या फजितीला आम्ही खिदळत होतो. मुलांना खोटं बोलू नका सांगणाऱ्या या माणसाला, तुम्ही रोज माझ्याशी का खोटं बोलता, असं तिने समोर बसवून विचारलेलं मला पाहायचं होतं.

२०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर मोठा चित्रपट करायची घोषणा केली. तो जेव्हा होईल आणि जो कुणी करील, त्याला माझी एकच विनंती आहे. शक्तिमानला उगाच दारू पाजू नका, त्याला काळाकुट्ट करू नका, त्याच्या गळ्यात एखादं करुण बालपण बांधू नका. तो चांगलाच राहू द्या. फक्त गीता विश्वासला एक पूर्ण प्रसंग द्या, आणि तिचा प्रश्न संपेपर्यंत त्याला उडून जाऊ देऊ नका.