हौद्याला अस्तर लावण्याआधी

दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेल्या पिकअपचा हार सुकायच्या आत तिच्या हौद्यात खताचे कट्टे पडतात. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत दुसरं काही होणंच शक्य नसतं. सोयाबीन निघालेलं असतं, कापूस वेचणीला आलेला असतो, हरभऱ्याची पेरणी तोंडावर असते आणि गाडीचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा असतो. मालक सीट कव्हर घालतो, टेप बसवतो, मागे रेडियमची अक्षरं लावून घेतो. ज्यासाठी गाडी घेतली तो हौदा मात्र कंपनीच्या पातळ रंगावरच कामाला लागतो.

परभणीत मी गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. डेंटिंग, पेंटिंग, हौद्याची दुरुस्ती आणि अलीकडे फवाऱ्याने लावायचे लायनर. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठल्या कंपनीचा लायनर चांगला?’ माझा उलटा प्रश्नही ठरलेला आहे, ‘हौद्यात काय भरता?’ त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कुठलंच नाव सांगत नाही. मानवत-सेलूकडे कापूस वाहणारी गाडी, गंगाखेडला वाळू-गिट्टी टाकणारी गाडी आणि आठवडी बाजाराला शेरडं-वासरं नेणारी गाडी या तिन्ही कागदावर एकाच मॉडेलच्या असल्या, तरी तिघींचे हौदे वेगवेगळ्या कारणांनी मरतात.

सगळ्यात लवकर मरतो तो खताचा हौदा. लोकांना वाटतं, दगड पडून, फावडं घासून पत्रा खराब होतो. दगडाने पोचा येतो आणि पोचा ठोकून काढता येतो. पत्रा खरा खातं ते मीठ. पोटॅश म्हणून आपण जे टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. कट्टा ओढताना शिवण उसवते, मूठभर दाणे तळाच्या नाळीत सांडतात. झाडूने ते निघत नाहीत. रात्री दव पडलं की ते ओल धरतात आणि क्लोराईडचं पाणी रंगाच्या बारीक चिरेतून पत्र्याला लागतं. युरियासुद्धा हवेतली ओल ओढून घेतो. असा हौदा वरून बराचसा शाबूत दिसतो. नाळीच्या कडेला रंगाला बुडबुडे आलेले असतात, त्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून थोडा जोर दिला की खालून तपकिरी पापुद्रे निघतात आणि कधी कधी टोक थेट आरपार जातं. जनावरांच्या मुताने हेच होतं, फक्त सुरुवात कोपऱ्यातून आणि फाळक्याच्या बिजागरीपासून होते. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसच्या पासिंगला उभं राहावं लागतं. हौद्याच्या डागडुजीला लोक त्या आठवड्यात धावतात. तोवर निम्मा तळ कापून नवा पत्रा जोडण्याशिवाय इलाज उरलेला नसतो.

यावर आपल्याकडचे जुने उपाय तीन. पहिला, तळावर प्लायवूड. प्लाय भिजतं, खाली ओल कोंडते आणि गंज झाकला जातो. दुसरा, चेकर प्लेट. हा उपाय मजबूत आहे, दगड-सळईच्या गाडीला मी आजही तोच सांगतो. पण वजनाचा हिशेब कुणी करत नाही. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद तळ धरला तर ३ मिलिमीटर जाडीच्या प्लेटचं वजन ११० किलोच्या घरात जातं. डीएपीच्या दोन कट्ट्यांहून जास्त भार ती गाडी आयुष्यभर रिकामी धावतानाही वाहते. त्याच हौद्याला तळावर २ आणि बाजूंना दीड मिलिमीटर लायनर फवारला तर पंधरा-अठरा किलोत काम होतं. तिसरा उपाय सगळ्यात वाईट. गाडीच्या पोटाला मारतात ते डांबरी अंडरबॉडी कोटिंग हौद्याच्या आत मारणं. स्वस्त म्हणून लोक ते मारून घेतात. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ वर जातो, उन्हातल्या पत्र्यावर हात टेकवत नाही. त्या तापाने डांबर मऊ पडतं, कट्ट्यांना चिकटतं आणि डिझेलचा डबा लवंडला की विरघळून जातं. हौद्याच्या आत हे काम मी करून देत नाही.

फवाऱ्याचे लायनर मूळ अमेरिकेतले. तिथे पिकअप ही घरोघरची गाडी. आधी तयार प्लॅस्टिकचं खोकं हौद्यात बसवायची पद्धत होती. ते हलून हलून खालचा रंग घासायचं आणि मधल्या फटीत पाणी साचायचं. म्हणून पत्र्याला सबंध चिकटणारा थर हवा झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेक्साको केमिकलच्या लोकांनी फवारता येणारा पॉलियुरिया पुढे आणला. ऱ्हायनो लायनिंग्ज, लाइन-एक्स या कंपन्यांनी हा धंदा गावोगावी नेला. यातली लाइन-एक्स १९९३ ची. आपल्याकडे इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा हौशी पिकअप आल्या तेव्हा लायनरचं नाव लोकांच्या कानावर पडलं. पण त्या गाड्यांच्या हौद्यात बहुधा सामानाच्या बॅगा असतात. खरी गरज आपल्या बोलेरो, योद्धा, दोस्त आणि छोटा हत्तीला आहे.

बाजारात नावं पुष्कळ असली तरी जाती मोजक्याच. शुद्ध पॉलियुरियाचे दोन घटक वेगवेगळ्या गरम नळ्यांतून साधारण ६५-७० अंशांवर आणि दोन हजार पीएसआयच्या आसपास दाबाने येतात, गनच्या तोंडाशी मिसळतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. इतक्या लवकर आळत असल्याने उभ्या बाजूवरही ओघळ येत नाही आणि हवेतल्या ओलीचा त्रास कमी होतो. त्याचं यंत्र महाग, ते मोठ्या शहरात मिळतं, किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्या ठेकेदाराकडे. गच्चीवाल्याकडून काम करून घेणार असाल तर एक गोष्ट स्पष्ट विचारा, हा माल लोखंडावर धरतो का आणि त्याखाली कोणता प्रायमर लागतो. सिमेंटला उत्तम चिकटणारा माल पत्र्यावरून सालासारखा निघालेला मी पाहिला आहे. दुसरी जात पॉलियुरेथेन. हा सावकाश आळतो, थोडा मऊ राहतो, कट्टे घसरू देत नाही. पण फवारताना हवा दमट असेल तर आत बुडबुडे धरतो. या दोघांचं मिश्रण म्हणजे हायब्रिड. आणि शेवटी बाटलीतला दोन घटकांचा लायनर, जो साध्या कॉम्प्रेसरवर खास गनने कुठल्याही पेंटरला मारता येतो. त्याचा थर एका हाताला अर्ध्या मिलिमीटरच्या आतच बसतो. दूध, भाजीपाला, मंडपाचं सामान नेणाऱ्या गाडीला तो दोन-तीन हातांत पुरतो. वाळूच्या गाडीला नाही पुरत.

जाडीच्या बाबतीत गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसतं, कारण काळा खरबरीत थर अर्ध्या मिलिमीटरचा असो की अडीचचा, डोळ्याला सारखाच दिसतो. म्हणून मी प्रत्येकाला एक युक्ती सांगतो. हातभर लांबीचे दोन पत्र्याचे तुकडे घ्या, त्यांची जाडी व्हर्निअरने मोजून मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवा, हौद्यासारखेच घासून-पुसून घ्या आणि फवारणीआधी तळावर दोन ठिकाणी ठेवा. फवारणी झाल्यावर ते उचलायचे, खालच्या रिकाम्या जागा त्याच दिवशी भरून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी तुकडे पुन्हा मोजले की वाढलेली जाडी समोर येते. मग त्याच तुकड्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या चिरा पाडा आणि पक्कडीने थर सोलायचा प्रयत्न करा. थर तुटला तर काम बरोबर. पत्रा सोडून अखंड उचलला गेला तर पैसे देण्याआधी बोलायची वेळ आली असं समजा. सचोटीने काम करणारा कारागीर या तपासणीला नाही म्हणत नाही.

थर पत्रा का सोडतो? नव्वद टक्के वेळा दोष मालाचा नसतो, तयारीचा असतो. कंपनीच्या चकचकीत रंगावर कुठलाही लायनर धरत नाही. ८० नंबरच्या पेपरने सगळी चमक मारावी लागते, आणि चमक लपून बसते ती नाळीच्या कडांना, कोपऱ्यांत, कडीच्या मागे, फाळक्याच्या आतल्या घडीत. तिथे ग्राइंडर पोचत नाही, हातानेच घासावं लागतं. गंज असेल तर पांढरा पत्रा दिसेपर्यंत काढायचा आणि इपॉक्सी प्रायमर मारायचा. गंजावर लायनर मारला तर आतलं मीठ आणि ओल आतच राहते, पत्रा खालून झडत जातो आणि वरून मालकाला दोन वर्षं काही कळत नाही. धूळ उडवल्यावर थिनरने दोनदा पुसायचं, दुसऱ्या वेळी कोऱ्या कापडाने. शोरूमने डिलिव्हरीच्या दिवशी सिलिकॉनचं पॉलिश हौद्यातही फिरवलेलं असतं, ते राहिलं की तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पाणी निघायची भोकं बुजता कामा नयेत. आणि दिवाळीच्या दिवसांत सकाळी लवकर फवारायचं नाही. पहाटेच्या दवाने पत्रा ओला असतो, तो पुसून सुकला असं वाटलं तरी थंड पत्र्यावर पुन्हा ओल धरते. दहा-अकरानंतर, पत्रा कोमट झाल्यावर काम सुरू करायचं. पावसाळ्यात तर मी तारीखच देत नाही.

वेल्डिंगचं आधीच ठरवा. आपल्याकडे गाडी घेतल्यावर वर्षभर काही ना काही जोडणं चालू असतं. दोरीसाठी जादा कड्या, कडब्यासाठी वरचा गज, फाळक्याला साखळी. हे सगळं लायनरच्या आधी उरकून घ्या. नंतर वेल्डिंग केलं तर थर जळतो, तेवढ्या जागेत पत्रा उघडा पडतोच, शिवाय जळणाऱ्या लायनरचा धूर अत्यंत विषारी असतो, त्यात हायड्रोजन सायनाईडही असतो. पुढे कधी वेल्डिंग करावंच लागलं तर आधी त्या जागेचा थर हातभर खरवडून काढायला सांगा.

आता मालाप्रमाणे निवड. खताच्या गाडीला तळ आणि बाजू दोन्ही पूर्ण झाकणारा, एकही सूक्ष्म भोक नसलेला थर हवा. इथे जाडीपेक्षा अखंडपणा मोलाचा, दीड-दोन मिलिमीटर बास. जनावरांच्या गाडीला पृष्ठभाग खरबरीत ठेवा, गुळगुळीत तळावर खूर घसरतात आणि वासरू पडलं की उठत नाही. कापूस, सोयाबीनच्या गाडीला उलट मध्यम पोत घ्या. फार खरबरीत असेल तर कापसाचे तंतू अडकतात आणि ओढताना कट्टे फाटतात. वाळू-गिट्टीच्या गाडीला तळावर ३ मिलिमीटर पॉलियुरिया, आणि त्यावर सुटी रबरी मॅट, जी महिन्याला उचलून खाली धुवायची. दूध आणि भाजीवाल्यांनी काळा रंग टाळावा. काळा हौदा जास्त तापतो. फिकट करडा थर मागा. साधा म्हणजे ॲरोमॅटिक जातीचा लायनर उन्हाने पिवळा, भुरकट पडतो. ताकद लगेच कमी होत नाही, पण फिका रंग टिकवायचा तर वर ॲलिफॅटिक जातीचा हात लागतो. तो महाग आहे, आणि कट्टे वाहणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

पेट्रोल-डिझेलचे डबे हौद्यात नेणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पाळावी. प्लॅस्टिकच्या अस्तरावर ठेवलेला डबा पंपावर भरताना त्यात साचलेली स्थिर वीज जमिनीत उतरू शकत नाही आणि ठिणगी पडू शकते. अमेरिकेत अशा आगी लागल्यानंतर तिथल्या एनआयओएसएच या संस्थेने १९९८ मध्ये जाहीर इशारा दिला होता. फवाऱ्याचा थरही वीज अडवतोच. डबा खाली उतरवा, जमिनीवर ठेवा, मग भरा.

यापुढचं सांगणं गाडीमालकांइतकंच माझ्या धंद्यातल्या लोकांना आहे. या सगळ्या लायनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली सुटलेला वायू याच कुळातला, मिथाइल आयसोसायनेट. लायनरमधलं त्याहून खूप कमी उडणारं आहे, पण गनमधून त्याचं धुकं होतं आणि ते छातीत गेलं की काही जणांना कायमचा दमा जडतो. एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे थोडासा वासही दम कोंडवतो आणि त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो. आपल्याकडची पोरं तोंडाला दस्ती बांधून फवारतात. दस्तीने हे धुकं अडत नाही, कापडी मास्कनेही अडत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, डोळ्यांवर बंद चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडा एवढं लागतंच. काम चालू असताना दुसरं कुणी जवळ थांबू नये, चहा घेऊन येणारं पोरगंही नाही. जिथे पोरं उघड्या तोंडाने फवारताना दिसतील तिथे गाडी देऊ नका. माणसाच्या छातीची काळजी न करणारा तुमच्या नाळीच्या कडा घासत बसेल, यावर माझा विश्वास नाही.

जुन्या गाडीचं विचाराल तर तळ टोचून पाहा. टोक आत शिरत असेल तर लायनरचा विचार सोडा, आधी पत्रा बदला. पत्रा टणक असेल तर दहा वर्षांच्या गाडीलाही थर लावणं फायद्याचं आहे.

आणि या पाडव्याला नवी गाडी दारात येणार असेल तर माझं एवढं ऐका. ओवाळून झालं की ती थेट खताच्या दुकानापुढे उभी करू नका. कड्या-साखळ्यांचं वेल्डिंग आधी उरका, लायनर लावून घ्या आणि थर लागल्यावर निदान दोन-तीन दिवस गाडी रिकामी ठेवा. पोटॅश-युरिया तर आठवडाभर नकोच. तोवर शेजाऱ्याच्या गाडीने खत आणा, भाडं मी सांगतोय म्हणून आनंदाने द्या.