त्रैराशिक

गेल्या पावसाळ्यात ही अंगणात घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. मला चहा आणि पिठलं, एवढंच येत होतं. पण हिची वही होती, 'रुचिरा' होतं, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेली ही होती.

वहीतली मापं आमच्या जुन्या घराची. तेव्हा आम्ही अकरा माणसं होतो. सासूबाईंनी सांगितलेलं हिने लग्नानंतर लिहून घेतलेलं, म्हणून फराळाच्या पानांवर शेर नि पायलीच आहे. चार शेरांची एक पायली, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. आता आम्ही दोघंच. मी पाचवी ते सातवीला मराठीबरोबर बरीच वर्षं गणितही शिकवलं. म्हटलं, त्यात काय अवघड? अकरा माणसांना इतकं, तर दोघांना किती? त्रैराशिक मांडायचं!

पहिल्याच दिवशी फोडणी फसली. गणिताप्रमाणे तेल निघालं जेमतेम चमचाभर. ते मोठ्या कढईत पसरलं, मोहरी कोरडीच राहिली, हिंग-हळद जळून काळी झाली. "अहो, मोहरी बुडेल एवढं तरी तेल लागतंच. माणसं कितीही असोत," खुर्चीतून आवाज आला. तेल वाढवायचं नसेल तर भांडं लहान घ्यायचं. फोडणीची पळी कशासाठी असते, ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

मग रव्याचे लाडू. सगळं पाव केलं, पाकही. अकरा जणांच्या पाकाला एकतारी यायला वेळ लागायचा, तेवढ्यात हिची दोन कामं व्हायची. माझा वाटीभर पाक मी चष्मा पुसेपर्यंत पुढे निघून गेला आणि लाडू असे झाले की बत्ता आणावा लागला. जिन्नस थोडा की लवकर तापतो, त्याच पातेल्यात पाणी लवकर उडतं. म्हणजे वेळेला आमचं त्रैराशिक लागू नाही. पाव जिन्नसाला पाव वेळ असं नसतं, नजर मात्र पूर्ण लागते.

मिठाचं कोडं सर्वांत मोठं. खरं तर मीठ प्रमाणातच कमी होतं. पण मी रोज चुकत होतो. वहीवर पेन्सिलीने आकडे मांडल्यावर उलगडा झाला. मोठ्या पातेल्यातल्या आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर कोणाला कळतही नाही. दोन वाट्या आमटीत तीच चिमूट पडली की जेवण बिघडलं. माप कमी झालं, पण हाताची चूक काही कमी होत नाही. ती आहे तेवढीच राहते.

हे घराचंही खरं आहे असं मला त्या सहा आठवड्यांत वाटत राहिलं. अकरा जणांत कोणी रुसलं तर संध्याकाळपर्यंत विरून जायचं. दोघांत एक शब्द वाकडा गेला की दिवस खारट. असो.

एकच गोष्ट अगदी सोपी निघाली, ती म्हणजे चकलीची भाजणी. पायलीभर तांदूळ, दोन शेर हरभऱ्याची डाळ, एक शेर उडदाची. म्हणजे चार, दोन, एक. शेराच्या जागी वाटी वाचली की झालं! पण तिथे गिरणीने गाठलं. आदल्या गिऱ्हाइकाचे गहू होते. जात्यात राहिलेलं पीठ पायलीभर भाजणीत कुठच्या कुठे गेलं असतं, माझ्या सात वाट्यांत ते चांगलं मूठभर भरलं. चकल्या वातड झाल्या. ही म्हणाली, "तांदळावर दळून मागायचं असतं, गव्हावर नाही." आता मी डबा घेऊन कोणाचे तरी तांदूळ यायची वाट बघत गिरणीत बसतो. गप्पा होतात.

भाताचं मात्र वेगळं झालं. ही तांदूळ मुठीने घेते, माणशी एक मूठ, आणि उरलेल्या भाताचा दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात. गेली कित्येक वर्षं आमच्याकडे रोज भात उरतो, आणि मधुमेहामुळे मला तो चालत नाही. मी तिच्यासमोर दोन मुठी घातल्या आणि डबा बंद केला. ही म्हणाली, "कोणाला कमी केलंत?"

मी हसणार होतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो. आई-दादा गेले, भाऊ वेगळे झाले, मुलं लांब गेली. त्या प्रत्येक वेळी मी घरात नुसता होतो. डब्यातली मूठ कमी करायचं काम हिच्या वाट्याला आलं होतं. आणि दरवेळी तिने ते थोडं पुढे ढकललं होतं. इतकी वर्षं मी उरलेल्या भाताला अंदाज चुकणं समजत होतो.

प्लास्टर निघालं तेव्हा मी वहीच्या समासात प्रत्येक पदार्थाचं दोघांचं माप लिहून काढलं होतं. कुठे लहान पातेलं घ्यायचं, कुठे नजर हलवायची नाही, तेही. हिने डाव्या हाताने पानं उलटून पाहिली. "चांगलं लिहिलंय. पण वरचं खोडू नका," म्हणाली.

खोडलेलं नाही. आता तांदळाच्या मुठी आम्ही तीन घेतो, त्यावर आमचा तह झाला आहे. दिवाळीला ज्यांना यायचं आहे त्यांनी मात्र आठ दिवस आधी कळवावं. गिरणीत तांदळाचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही.