अक्षर

आमचे केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रा, असे आम्ही गावकरी मानतो. बकासुराकडे गाडाभर अन्नासोबत घरटी एक माणूस जायचा, तो इथूनच. पाळी आलेल्या घरातले रडणे आश्रयाला राहिलेल्या कुंतीने ऐकले आणि भीमाला धाडले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो. पण भिंतीपलीकडचे रडणे माझ्या कानी आले, तेव्हा मी कादंबरीची मुद्रिते तपासत होतो.

शेजारच्या काकूंचा मुलगा माझा विद्यार्थी. मोत्यासारखे अक्षर! पुढे त्याच्या मनाचा तोल जाऊ लागला. कधी तीन-तीन रात्री जागून बडबड, कधी महिनाभर अंथरूण. नागपूरच्या डॉक्टरांनी लिथियम सुरू केले आणि पोरगा सावरला. मग बसथांब्यावरच्या एका मारामारीत सापडून कच्चा कैदी म्हणून आत गेला. काकू गोळ्या घेऊन तुरुंगाच्या दारात गेल्या. "बाहेरची गोळी आत जात नाही, डॉक्टरांच्या नावे अर्ज आणा," शिपाई म्हणाला. त्याचेही खोटे नव्हते. आत गोळ्या साठवतात, विकतातही.

"गुरुजी, एवढा अर्ज लिहून द्या जी," काकू आल्या.

"रविवारी बघू," मी म्हणालो.

रविवारी पाहुणे आले. अर्ज गेला तो अकराव्या दिवशी. तोवर पोराने बराकीच्या भिंतीवर डोके आपटून घेतले होते.

मग मात्र मी मॅट्रिकच्या बुद्धीला झेपेल तेवढे वाचू लागलो. लिथियमचा हा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड या डॉक्टरने जगापुढे मांडला, आणि हा गृहस्थ स्वतः महायुद्धात तीन वर्षांहून अधिक काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचा कैदी होता! १९९३ साली शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे १०३ वे कलम म्हणते, राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात अशा रुग्णांची सोय हवी. त्याच कलमात तुरुंगाच्या डॉक्टरने दर तिमाहीला 'आमच्याकडे एकही मनोरुग्ण कैदी नाही' असा दाखला पाठवायचा आहे. वर्गात एकही कच्चा विद्यार्थी नाही, असे दाखले आम्ही मास्तरही देतोच म्हणा.

मुलाखतीला गेलो. जाळीपलीकडून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, इथं काही जण नुसती झोप यावी म्हणून गोळी मागतात. काहींना गप्प बसावं म्हणून देतात, असं म्हणतात. माझी तशी नाही ना?"

"नाही रे. तुझी झोपेची नव्हे. पण पाणी भरपूर पी, जेवणात मीठ तोडू नकोस, रक्त तपासायला सांगत जा." आपल्याकडच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी आटले की हे औषध रक्तात चढते आणि विषासारखे बाधते, हे मी नुकतेच शिकलो होतो.

"हात थरथरतो," तो म्हणाला.

"औषधानं होतं. डॉक्टरांना सांग. आणि माझं चुकलं, बाबा. अर्ज मीच..."

तेवढ्यात वेळ संपली. त्याने ऐकले की नाही, कोण जाणे.

दिवाळीच्या तोंडावर त्याचे कार्ड आले. वाकडीतिकडी, एकमेकांवर आदळणारी अक्षरे. खाली एक ओळ: गुरुजी, शुद्धलेखन तपासून पाठवा. लाल पेन घेऊन बसलो आहे. ऱ्हस्व-दीर्घ एकही चुकलेले नाही.