आवाजाची अमानत

"आम्हाला त्यातलं काही कळत नाही," असे म्हणून आपण मोठी माणसे मुलांच्या नव्या कामातून अंग काढून घेतो. वाचकहो, याबाबतचा आमचा थोडा अनुभव आपल्यापुढे ठेवावासा वाटतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी सोलापुरात बीसीए करते. गेल्या वर्षी ती घरी येऊन म्हणाली, "सर, मला मशीन लर्निंगच्या ओपन सोर्स प्रकल्पात काम सुरू करायचंय. तुम्ही पाठीशी राहा." आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. संगणकाची भाषा आम्हाला येत नाही. तरी 'हो' म्हटले.

मशीन लर्निंग म्हणजे यंत्राला नियम पाठ करून न देता पुष्कळ उदाहरणे दाखवून शिकवणे. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता, सुधारता येतो असे काम. तिने निवडलेला प्रकल्प 'मोझिला'चा 'कॉमन व्हॉइस'. तो २०१७ साली सुरू झाला. लोक पडद्यावरचे वाक्य वाचून आपला आवाज देतात, दुसरे लोक तो ऐकून बरोबर की चूक ते सांगतात. जमलेला साठा कोणालाही मोफत मिळतो आणि त्यावर बोलणे ओळखणारी यंत्रे शिकतात. त्यात मराठी आहे, उर्दूही आहे.

तिला हे का करायचे होते? तिची नानी फोनला काही सांगते आणि फोन भलतेच लिहितो. 'व्हिस्पर' नावाचे, बोलणे लिहून देणारे खुले मॉडेल २०२२ साली आले. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकले आहे, पण त्यातला मोठा भाग इंग्रजीचा. ज्याची बोली त्या साठ्यात नाही, त्याचे बोलणे यंत्राला कसे कळणार?

सुरुवातीला तिला एकदम मोठे मॉडेल बनवायचे होते. आम्ही म्हटले, "आधी दहा वाक्ये नीट कर." वाक्यांचे नियम पाहिले, तर ते आमच्याच विषयाचे निघाले. वाक्य छोटे, पंधरा शब्दांच्या आतले हवे. आकडे अंकांत नकोत, कारण '१५०' कोणी 'दीडशे' वाचेल, कोणी 'एकशे पन्नास'. वाक्य कोणाच्या मालकीचेही नको. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो, म्हणून आवडत्या पुस्तकातले वाक्य सहज उचलता येत नाही. मग आम्ही दोघांनी वाक्ये स्वतःच लिहिली. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' लिहायला एक, बोलायला वेगळा. असे शब्द मुद्दाम घातले. तिथे आमचा फळा-खडू कामाला आला.

तिने कोडमधली एक छोटी दुरुस्ती करून पाठवली. ती सहा शेऱ्यांसह परत आली. मुलगी रडवेली झाली. आम्ही तिला उर्दू शायरीतल्या 'इस्लाह'ची रीत सांगितली. शागिर्द आपली गझल उस्तादाकडे नेतो, उस्ताद शब्द बदलतो, ओळ खोडतो. तरुण इक्बाल आपल्या गझला पंजाबातून टपालाने दाग़ देहलवींकडे पाठवत असत. न भेटता, कागदावरच दुरुस्ती होई. तुझेही तेच चालले आहे. कोणीतरी अनोळखी माणसाने आपला वेळ काढून तुझे काम वाचले आहे. तिसऱ्या खेपेला दुरुस्ती स्वीकारली गेली.

आवाज तपासताना एक पेच आला. आपल्या दखनीत 'क़लम'चे 'खलम' होते. तिने विचारले, "सर, हे चूक धरू?" वर्गात आम्ही 'क़लम'च म्हणवून घेतो आणि घेत राहू. पण इथे काम वेगळे आहे. शब्द गाळला किंवा भलताच वाचला तर चूक. लहजा ही चूक नव्हे. तो खोडला तर नानीचे बोलणे यंत्राला कधीच कळणार नाही.

सगळ्यात अवघड दिवस मोहल्ल्यातला. तिने अम्मीच्या ओळखीच्या अकराजणींना आवाज द्यायला बोलावले होते. एकीने विचारले, "मेरा आवाज कां जाता बेटा? फिर वापस मिलता क्या?" मुलीने आमच्याकडे पाहिले. 'काही होत नाही खाला' एवढे म्हटले असते तर सगळ्या तयार झाल्या असत्या. पण ते खरे नव्हते. हा साठा कोणीही उतरवून घेऊ शकतो. नाव त्यात दिसत नाही, बोलणाऱ्याची ओळख शोधायची नाही अशी अट आहे. पण एकदा बाहेर गेलेली प्रत परत बोलावता येत नाही. आम्ही म्हटले, "सगळं सांग."

तिने सांगितले. पाचजणी उठून गेल्या. त्यात तिची सख्खी फुफी होती. मुलीचा चेहरा उतरला. "सर, निम्मं काम गेलं." आम्ही म्हटले, "ज्या सहा राहिल्या त्या समजून राहिल्या. आवाज ही अमानत आहे. इजाजत अर्धी सांगून घेतली तर ती इजाजत नव्हे."

पालकांना एवढेच सांगायचे आहे. मुलांच्या पडद्यावरचे कळत नसेल तरी शेजारी बसा. हे कशासाठी आहे, कोणाकडून घेतले, त्याला विचारले होते का, हे प्रश्न विचारायला संगणक शिकावा लागत नाही. मुले ते स्वतःहून विचारतीलच असे नाही. त्यांना घाई असते.

ती मुलगी आता तिच्या कॉलेजातल्या दोघींना हे काम शिकवते आहे. त्यांना रेकॉर्डिंग दाखवण्याआधी तिने आठवडाभर फक्त माहिती कशी सांगायची आणि नकार कसा ऐकायचा, एवढेच शिकवले. फुफीने अजून आवाज दिलेला नाही. पण परवा तिने चहा पाठवला होता.