बेलपाड्याचा मुक्काम

पनवेल तालुक्यांतील बेलपाडा हें गांव खारघरच्या डोंगराच्या आश्रयास वसलेलें आहे. गांव म्हणावें तर चोहोंकडे उंच इमारती उभ्या. शहर म्हणावें तर आंत शिरतांच अरुंद गल्ल्या आणि एकमेकांस टेकलेलीं घरें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या शहरासाठीं या टापूंतील आगरी लोकांच्या भातजमिनी घेण्यांत आल्या. शेतें गेलीं, तेव्हां पुष्कळांनीं घरावर मजले चढवून खोल्या भाड्यानें देण्यास आरंभ केला. परगांवाहून नोकरीसाठीं येणाऱ्या तरुणांस अशाच खोल्यांत प्रथम आसरा मिळतो. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी मेट्रो गाडी धांवूं लागली असून तिचें एक स्थानक बेलपाड्यास आहे. त्यामुळें बेलापूरच्या कचेऱ्या आतां अगदीं हाताशीं आल्या आहेत.

माझी पुतणी अशाच एका खोलींत नुकतीच राहावयास आली आणि बिऱ्हाड लागेपर्यंत सोबत म्हणून मी तिच्याकडे गेलों. हॉटेलें व प्रवासी जहाजें यांस आचारी, वाढपी, खोल्यांची निगा राखणारे असे लोक निवडून देणें हें तिच्या कचेरीचें काम. तें ऐकून घरांतील वडील मंडळी बुचकळ्यांत पडली होती. धर्मशास्त्रानें अन्नविक्रय निषिद्ध मानिला. मग तो करणारांस माणसें पुरविणें हा कसला व्यवसाय, असा प्रश्न निघालाच. परंतु आपल्या समाजानें हा निषेध केव्हांच मागें टाकला आहे. मामा काणे यांचें दादरचें उपाहारगृह १९१० सालचें. आणि हॉटेलव्यवस्थेचें रीतसर शिक्षण देणारी देशांतील पहिली संस्था १९५४ सालीं मुंबईंतच निघाली. आतां तर २५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलनजीकचा नवा विमानतळही वाहता झाला आहे. पाहुणे वाढले कीं त्यांची सेवा करणारे हात वाढले पाहिजेत, हें उघडच आहे.

पहिला पंधरवडा पुतणीस जड गेला. दिवसभर दूरध्वनि, अर्जांचे ढीग, पारपत्रें व वैद्यकीय दाखले यांची तपासणी. ज्याच्या अर्जांत मोठे शब्द, त्याच्या हातास काम ठाऊक असेलच असें नाहीं, हें ती हळूहळू शिकली. "पाहुणा विनाकारण रागावला तर काय कराल?" या एका प्रश्नानें दहा प्रशस्तिपत्रांहून अधिक कळतें, असें ती म्हणे.

तिसऱ्या आठवड्यांत तळकोकणांतून एक मुलगा आला. बारावी झालेला, हॉटेलांत कधीं काम न केलेला. जहाजावर वाढपी व्हावें ही इच्छा. "ताई, पैसे किती भरावे लागतील?" हाच त्याचा पहिला प्रश्न. बाहेर कोणा दलालानें त्यास मोठी रक्कम सांगितली होती आणि त्यासाठीं आईचें सोनें गहाण पडण्याच्या बेतांत होतें. महिनाअखेर किती नांवें पुढें पाठविलीं, यावर पुतणीच्या कामाचें मोजमाप व्हावयाचें. त्याचेंही नांव यादींत घालणें सोपें होतें; मुलाखतींत तो गळला असता तरी तिला कोणी दोष दिला नसता.

तिनें त्यास समोर बसविलें, पाणी दिलें आणि स्पष्ट सांगितलें, "नोकरीसाठीं एक पैसाही कोणास देऊं नकोस. आधीं एखाद्या चांगल्या हॉटेलांत दोन वर्षें काम कर, इंग्रजी बोलण्याची भीड घालव आणि मग ये." नियमही असाच आहे. २००६ सालच्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रमकरारास भारतानें २०१५ सालीं मान्यता दिली. जहाजावरील आचारी व वाढपी हेही त्या करारान्वयें नाविकच. आणि वैद्यकीय दाखला, पारपत्र व नाविकाची पुस्तिका यांचा खर्च सोडला तर नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून कांहीं घेतां येत नाहीं.

त्या आठवड्यांत यादींत एक नांव कमी भरलें आणि वरिष्ठांनीं तें बोलूनही दाखविलें. रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "काका, माझें चुकलें का हो?"

तैत्तिरीय उपनिषदांत विद्या संपविलेल्या शिष्यास गुरु जो उपदेश करतो, त्यांत माता, पिता व आचार्य यांच्याच पंक्तीस अतिथि बसविला आहे. व्यवहारांत पहिलें पाऊल टाकणाऱ्यासाठीं तो उपदेश आहे. मीं तिला म्हटलें, "हॉटेलांत उतरेल तो पाहुणा तुला दिसावयाचा नाहीं. तुझ्या मेजासमोर येऊन बसतो तोच तुझा अतिथि. त्यास रिक्त हातानें पाठविणें कधीं कधीं भाग पडतें. परंतु फसवून पाठवूं नये."

ज्या घरांतील मुलें या वाटेनें जाऊं इच्छितात, त्या घरच्या वडिलांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: वाढप्याचें काम हलकें नव्हे आणि त्यासाठीं घरचें सोनें मोडावयाचें नाहीं. प्रथम कचेरीचा सरकारी परवाना पाहावा. पैसा मागणारा कितीही गोड बोलला तरी त्याच्या दारांतून परत फिरावें. आणि "तूर्त जमणार नाहीं" असें तोंडावर सांगणारी कचेरी भेटली, तर दोन वर्षांनीं पुन्हां तिच्याचकडे जावें.